गड रविवारचा, पाय रोजचे

गेल्या वर्षीची गोष्ट. दवाखान्यासाठी रक्तदाब मोजण्याचे नवे यंत्र आणले होते. नवी वस्तू रुग्णांवर वापरण्यापूर्वी स्वतःवर तपासावी, म्हणून दुपारी गर्दी संपल्यावर मी दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा आला १५८/९८. मी आमच्या कंपाउंडरना म्हटले, "यंत्र सदोष दिसतंय, परत पाठवा." ते काही बोलले नाहीत. कपाटातले जुने, पाऱ्याचे यंत्र काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. त्यावर आकडा आला १५६/९६. दोन्ही यंत्रे एकाच दिवशी बिघडली, असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

वाचकहो, माझे वय ५४. गेली २७ वर्षे मी याच गावात, साताऱ्यात, दवाखाना चालवतो. "रोज चालत जा", "मीठ कमी करा", "वेळेवर जेवा", "जागरण नको", ही चार वाक्ये मी दिवसातून किती वेळा उच्चारतो याची गणती नाही. त्या चारपैकी एकही मी पाळत नव्हतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण जणू आम्हा डॉक्टर मंडळींकडे पाहूनच केली असावी.

एका मोजणीवर रक्तदाबाचे निदान करू नये, हा नियम. म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, मी मोजत राहिलो. चौदापैकी दोनच वेळा आकडा १४०/९० च्या खाली आला. मग गावातल्याच एका फिजिशियन मित्राकडे गेलो. रुग्णाच्या बाजूच्या खुर्चीत बसायला फार अवघड वाटले. त्याने तपासले, ईसीजी काढला, रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, एक गोळी सुरू केली आणि विचारले, "दवाखाना किती वाजता बंद करतोस?" मी हसलो. तो हसला नाही.

त्या प्रश्नाचे खरे उत्तर असे होते. सकाळी साडेनऊ ते दोन आणि संध्याकाळी साडेपाच ते दहा. जेवण रात्री पावणेअकराला, आणि दिवसभराची भूक एका ताटात. मधल्या काळात औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींबरोबर, ओळखीच्या रुग्णांबरोबर चहाचे सहा-सात कप. कुणाच्या मुलाला नोकरी लागली की टेबलावर कंदी पेढ्यांचा पुडा. घरापासून दवाखाना चालत बारा मिनिटांवर, तरी मी स्कूटरने जाणार. कारण काय, तर वेळ नाही! बारा मिनिटे वाचवून मी ती कुठे ठेवत होतो, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता पुढची चूक ऐका, कारण ती आपल्यापैकी अनेकांच्या हातून होते. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला की आपल्याला एकदम वीरश्री संचारते. मीही पुढच्याच रविवारी मुलगा आणि त्याचे मित्र यांच्याबरोबर अजिंक्यताऱ्यावर निघालो. शहरापासून गडाची उंची साधारण तीनशे मीटर. साताऱ्यात जन्म गेला, शाळेत असताना धावत जायचो, तेव्हा काय कठीण, असा हिशेब. मुले गप्पा मारत पुढे गेली. मी मागे, दरवाजाचे बुरूज किती राहिले ते बघत, 'फोन आला' म्हणून चार वेळा थांबत. फोन एकही आला नव्हता. वर पोहोचलो खरा. पण उतरताना मांड्या थरथरू लागल्या आणि पुढचे दोन दिवस दवाखान्याची पायरी मी कठडा धरून उतरत होतो. गड चढताना दम लागतो, पण गुडघे आणि मांड्यांची परीक्षा उतरताना होते, हे पुस्तकात वाचलेले त्या दिवशी समजले.

दोन दिवस पाय दुखले, एवढ्यावर माझे भागले. त्याच महिन्यात दवाखान्यात आलेल्या एका गृहस्थांचे तेवढ्यावर भागले नाही. वय ४६, बसून करायची नोकरी, सिगारेट चालू, वडिलांना हृदयविकार. सहा महिने जिना चढले नव्हते आणि कार्यालयातल्या मंडळींबरोबर एका किल्ल्यावर गेले. अर्ध्या चढावर छातीत दाबल्यासारखे झाले, डाव्या खांद्यात कळ आली, घाम फुटला. बसल्यावर बरे वाटले. कुणीतरी म्हणाले, सकाळच्या वड्याने ॲसिडिटी झाली. थंड पाणी पिऊन ते पुन्हा चढले! तीन दिवसांनी माझ्याकडे आले तेही ॲसिडिटीची गोळी मागायला. त्यांना तसेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. वेळेत उपचार झाले, आज ते बरे आहेत. पण त्या दिवशी डोंगरावर ते थोडक्यात वाचले, यात मला शंका नाही. चढताना छातीत भरून येते आणि थांबल्यावर कमी होते, ही तक्रार पोटाची समजू नका. तिथेच थांबा आणि आधी हृदयाची तपासणी करा. बसूनही कमी झाले नाही, तर पुढच्या दिवसाची वाट न बघता ताबडतोब रुग्णालय गाठा.

म्हणून या आठवड्याचा माझा मुद्दा असा. डोंगर चांगलाच. आपल्या जिल्ह्यासारखे डोंगर कुणाला मिळतात? पण सहा दिवस खुर्चीत आणि सातव्या दिवशी गडावर, हा व्यायाम नव्हे, ही स्वतःवर केलेली चढाई आहे. रविवारचा गड सोमवार ते शनिवार कमवावा लागतो.

रोजच्या हालचालीचे महत्त्व नवे नाही. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना करून १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, सतत जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. त्या कंडक्टरांनी कोणता व्यायाम केला होता? फक्त आपले काम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्लाही साधा आहे. मोठ्या माणसांनी आठवड्यात निदान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि दोन दिवस तरी स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. मध्यम श्रम म्हणजे काय? चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग.

अर्धा तास कमी नाही आणि जास्तही नाही. प्रश्न तो आणायचा कुठून, हा. उत्तर मला मित्राच्या प्रश्नातच मिळाले. मी दवाखान्याच्या दारावर पाटी लावली : संध्याकाळची वेळ साडेपाच ते साडेआठ.

हे लिहायला सोपे आहे. पहिल्या महिन्यात मला फार बोलणी खावी लागली. एका रात्री नऊ वाजता खेड्यातून एक आजोबा नातवाला घेऊन आले, शटर बंद. मुलाला साधा ताप होता आणि दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला तपासले, पण दुसऱ्या दिवशी आजोबा येऊन म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आता मोठे झालात." हा शब्द मला लागला. आजही लागतो. काही जुनी घरे कायमची दुसरीकडे गेली. उत्पन्न कमी झाले, ते मी लपवत नाही. पण दहा वाजता, चौदा तास जागा असलेला, भुकेलेला, १५८ रक्तदाबाचा डॉक्टर त्या नातवाला नीट तपासू शकला असता का, हाही विचार करा. शेवटच्या तासातल्या रुग्णाचे मी किती ऐकून घेत होतो, हे मला ठाऊक आहे. आता तातडीच्या रुग्णासाठी फोन चालू ठेवतो. बाकी, बंद होण्याची वेळ दुकानाला असते, बँकेला असते. माणसालाही असावी, असे माझे मत बनले आहे. ज्याचे काम कधीच संपत नाही, त्याने ते कुठेतरी थांबवायला शिकले पाहिजे.

आणखी एक गोष्ट घरातच शिकायला मिळाली. मी मोठ्या उत्साहाने सौभाग्यवतींना म्हटले, "तूही सकाळी चल." त्या म्हणाल्या, "येते की. डबा, दूध, पाणी आणि आईंचा चहा तेवढा तुम्ही बघा." मी गप्प. आपल्या घरातल्या बायकांना आपण सर्रास सांगतो, व्यायाम करा. आणि त्यांची सकाळ कशाने भरली आहे ते बघत नाही. आता आईंचा चहा आणि पाणी भरणे माझ्याकडे आहे. डब्याची भाजी आम्ही रात्रीच चिरून ठेवतो. पावणेसहाला दोघे बाहेर पडतो. दिवसभरात आमचे जेवढे बोलणे होत नव्हते, तेवढे या अर्ध्या तासात होते. हा फायदा कुठल्या तपासणीत दिसत नाही, पण मी तो धरतो.

इथे एक सांगायला हवे. हा सल्ला बसून काम करणाऱ्यांसाठी आहे. दिवसभर ऊस तोडणाऱ्या, डोक्यावरून वैरण वाहणाऱ्या बाईला "चालत जा" म्हणणे ही थट्टा होईल. तिला हवी आहे विश्रांती, पोटभर सकस अन्न आणि वेळेवर रक्त तपासणी. सल्ला माणूस बघून द्यावा, हे आम्हा डॉक्टरांनीही लक्षात ठेवावे.

डोंगराकडे जाऊ पाहणाऱ्यांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी.

१) वय चाळिशीच्या पुढे असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, घरात हृदयविकार यांपैकी काही असेल, तर पहिल्या चढाआधी डॉक्टरांना भेटा.

२) आधी सहा ते आठ आठवडे सपाटीवर रोज चाला. मग जिने, मग लहान चढ. साताऱ्यात चार भिंतींपर्यंतचा चढ यासाठी उत्तम. गडाच्या दरवाजापर्यंत गाडीने जाऊन वर फिरणारेही बरेच आहेत. गुडघेदुखी असेल तर त्यात कमीपणा नाही. अजिबात न जाण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

३) इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये. खिशात साखर किंवा गोळ्या-बिस्किटे ठेवावीत. हातपाय कापले, घाम फुटला, डोके हलके वाटले, तर थांबून आधी साखर खावी.

४) पाणी सोबत घ्या, काठी घ्या, उतरताना घाई करू नका, एकटे जाऊ नका. आणि उतरल्यावर दोन प्लेट मिसळ, वर पेढे, असा सत्कार स्वतःचा करू नका. चढाने मिळवलेले तिथेच संपते.

माझे पुढे काय झाले, ते सांगून आटोपतो. सहा महिन्यांनी, एका रविवारी, आम्ही उभयता अजिंक्यताऱ्यावर गेलो. सावकाश गेलो. 'फोन' एकदाही आला नाही. वरून एका बाजूला यवतेश्वर, दुसरीकडे सज्जनगड, आणि खाली सगळे शहर. राजपथाच्या आसपास कुठेतरी माझा दवाखाना, इतका लहान की बोटाने दाखवताही येईना. ज्याच्यासाठी २७ वर्षे जेवणाची वेळ चुकवली, तो एवढासा! मला जरा हसू आले.

आता माझा रक्तदाब १३२/८४ च्या आसपास असतो. कुणी म्हणेल, मग गोळी सोडली असेल. नाही. गोळी चालू आहे. चालण्याने आणि मीठ कमी केल्याने तिला मदत झाली, तिची जागा घेतली नाही. "आता मी रोज चालतो" म्हणून मनाने औषध बंद करणारे रुग्ण मी अनेक पाहिले आहेत, आणि त्यांतल्या काहींना पक्षाघातानंतर पाहिले आहे.

ते आजोबा मागच्या महिन्यात पुन्हा आले. संध्याकाळी सहालाच. गुडघ्याची तक्रार सांगून झाल्यावर म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही जरा बारीक झालात, बरे दिसता. मागे तुम्हीच आजारी वाटायचा." मी त्यांचा रक्तदाब मोजला. मग त्यांनी विचारले, "आणि तुमचा?" २७ वर्षांत हा प्रश्न मला एकाही रुग्णाने विचारला नव्हता. मी मोजून आकडा त्यांना दाखवला.

वाचकहो, तुमचा आकडा तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? या आठवड्यात पाहा. आणि तुमचे शटर किती वाजता बंद होते, तेही एकदा ठरवा.