पट्टा खांद्यावरूनच का हवा?

१६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात शिरपूरच्या प्रशिक्षण केंद्राचं छोटं विमान कोसळलं. प्रशिक्षकांचा मृत्यू झाला, शिकणारी मुलगी जखमी होऊन वाचली. मुलाला पायलट करायचं म्हणणारे आईबाप आता आपल्या समाजातही भेटतात. फी विचारण्याआधी त्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी, असं आम्हाला वाटतं.

मोठ्या विमानात प्रवाशाला फक्त कमरेचा पट्टा असतो. छोट्या विमानात तेवढ्याने भागत नाही. समोरची यंत्रं डोक्यापासून हातभर अंतरावर. विमान आदळलं की कंबर जागेवर राहते, वरचं अंग दुमडतं आणि डोकं थेट यंत्रांवर आपटतं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८५ साली अशा अपघातांचा अभ्यास केला. मेलेल्यांपैकी २० टक्के लोक खांद्याच्या पट्ट्याने वाचू शकले असते, गंभीर जखमींपैकी ८८ टक्के लोकांना बरीच कमी इजा झाली असती, असं त्यात दिसलं.

विमान राहू द्या. विसरवाडीवरून सुरत-धुळे हायवे जातो, आपला खरा प्रवास त्यावर. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी धडकली. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. एवढी महागडी गाडी, तरी!

मागच्या सीटलाही पट्टा सक्तीचा आहे, नाहीतर हजार रुपये दंड. आपण मात्र लग्नाचा बस्ता घ्यायला सुरतला निघतो, सफरची दुआ पढतो, आणि पट्टे सीटखाली दाबलेलेच. दुआ आपल्या जागी, पण उंट बांधायलाही सांगितलेलंच आहे ना? पुढे आईच्या मांडीवर लेकरू. ताशी ६० च्या वेगाने आदळणं म्हणजे साधारण चौथ्या मजल्यावरून पडणं. त्या झटक्यात लेकराला हातांनी धरून ठेवणं पैलवानालाही जमणार नाही.

काही बाया बुरखा चुरगळतो म्हणून खांद्याचा पट्टा बगलेखालून घेतात. मग तो फासळ्याच मोडतो. ओढणी सारखी करून पट्टा बुरख्यावरून, खांद्याच्या मधोमध घ्यावा. खालचा भाग पोटाच्या खाली, कमरेच्या हाडावर. गरोदर बाईनेही तसाच.

भाड्याची गाडी ठरवताना आपण एसी चालतो का ते विचारतो. मागचे पट्टे वर काढून ठेव, हेही ड्रायव्हरला तेव्हाच सांगावं.