सराईत कोण ठरवतं?

कन्नड बातमीतल्या ‘रौडी शीटर’चं मराठी आपण बिनदिक्कत ‘सराईत गुन्हेगार’ असं करतो. बेंगळुरूत राहून वर्षानुवर्षं मीही तेच केलं. आता करणार नाही.

सराईत म्हणजे गुन्ह्यात हात बसलेला. रौडी शीट ही पोलीस ठाण्यातली निव्वळ एक नोंद. तिला दोषसिद्धी लागत नाही. अमुक माणूस शांतता बिघडवेल असं पोलिसांना वाटलं की पुरे. नाव चढवण्याआधी त्या माणसाचं म्हणणं तरी ऐका, हे कर्नाटक उच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं, यातच काय ते आलं.

म्हणूनच ‘शहरात इतके हजार रौडी’ हा आकडा टोळ्यांचा नव्हे, उघडलेल्या शीटांचा. निवडणूक आली की रौडींची परेड होते, कॅमेऱ्यांसमोर. २०२२च्या नोव्हेंबरात शीटवर नाव असलेल्या एकाच्या रक्तदान शिबिराला भाजपचे खासदार हजर राहिले. काँग्रेसने ओरड केली, भाजपने काँग्रेसच्या जुन्या ओळखी उगाळल्या. पण ती वही भरते कशी, हा प्रश्न त्या भांडणात मला तरी ऐकू आला नाही.

माणसं अशी सढळ हाताने मोजायची आणि टोळीचे उद्योग मात्र गाळायचे! एकाच एफआयआरमध्ये खून, खंडणी आणि दंगल असेल तर एनसीआरबीच्या वार्षिक अहवालात फक्त सर्वांत गंभीर गुन्हा, म्हणजे खून, मोजला जातो. खंडणी ही तर टोळीची रोजची भाकरी. तीच हिशेबातून गायब. निमूटपणे दिलेल्या हप्त्याचा एफआयआर तर होतच नाही. आपल्याकडे मकोका लावायला वरिष्ठ अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. मग मकोकाचे आकडे वाढले तर नेमकं काय वाढलं, टोळ्या की मंजुऱ्या?

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून रजिस्टरात घातल्या. तो १९५२ साली गेला, पण सवयीच्या गुन्हेगारांसाठीचे कायदे आले आणि संशय त्याच वस्त्यांवर राहिला. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ डोक्यावर घेणाऱ्या भाषेने तरी पोलिसांच्या नोंदीला निकालाचा दर्जा देऊ नये.

मी आता ‘पोलिसांच्या रौडी यादीत नाव असलेला’ असं लिहिते. संपादक कुरकुरतात. मथळ्यात बसत नाही म्हणे.