दोघांचे बिऱ्हाड, एकाचीच ऑर्डर

मागच्या रविवारी सकाळीच गल्लीतले काका दोन कागद घेऊन आले. कारकुनाच्या घरी लोक कागदच घेऊन येतात, पेढे फार थोडे आणतात. काकांचा मुलगा आणि सून दोघेही इंग्रजीत एम.ए. आहेत, दोघांचे बी.एड. झालेले आहे. मालदीवमधल्या एका शाळेने मुलाला इंग्रजीचा शिक्षक म्हणून बोलावले, त्याचे ते पत्र. काकांनी एकच विचारले, "भाऊ, याच्यात सुनबाईचं नाव कुठं हाय?"

नाव नव्हतेच. शेवटी एक ओळ होती, पत्नीला सोबत आणता येईल. शाळेचा माणूस फोनवर म्हणाला होता म्हणे, की मॅडमना वेळ मिळाला तर लहान वर्गांवर मदत करतील. पगाराचे विचारले तेव्हा त्याने विषय बदलला. काकू म्हणाल्या, "जाऊ द्या ना, घर सांभाळील. तेवढाच तिचा वेळ बी जाईल." सुनबाई दारात उभी होती. ती काही बोलली नाही.

वाचकहो, नवरा-बायकोने परमुलखात जाऊन मास्तरकी करायची ही गोष्ट आपल्याला नवी वाटते. पण असे एक जोडपे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी आपल्याच मुंबईत येऊन राहिले होते. त्यांचा परदेश म्हणजे आपला महाराष्ट्र.

जॉन विल्सन आणि मार्गारेट हे स्कॉटलंडचे. १८२८ च्या ऑगस्टात लग्न झाले आणि लगेच ते निघाले. नवरी नवऱ्यापेक्षा वयाने मोठी, तिचा जन्म १७९५ चा, त्याचा १८०४ चा. आपल्याकडे आजही यावर चार बायका कुजबुजतील. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन् महिने समुद्रावर काढून ते फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईला उतरले. मिशनने नेमणूक केली होती ती जॉनची. मार्गारेट त्याची बायको म्हणून आलेली.

उतरल्यावर त्यांनी शाळेची घंटा वाजवली नाही. आधी स्वतः विद्यार्थी झाले. कोकणात बाणकोट आणि हर्णैला जाऊन दोघांनी मराठीचे धडे घेतले. पहिल्या महिन्यातच मुलांवर इंग्रजीचा मारा करणाऱ्या आपल्या आजच्या मास्तरांना हे सांगावेसे वाटते. त्याच वर्षाच्या अखेरीस ते मुंबईला परतले, आणि मार्गारेटने मुलींच्या शाळा काढायला सुरुवात केली. मुलगी शाळेत पाठवायची म्हटले की घरचे अंगावर धावून यायचे, तो तो काळ. मुली मिळवणे हेच अर्धे काम.

१८३२ साली जॉनने गिरगावात इंग्रजी शाळा सुरू केली. तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले, ते आज चौपाटीसमोर उभे आहे. त्याच १८३२ सालची मार्गारेटची मुलींची शाळा सेंट कोलंबा म्हणून मुंबईत आजही भरते. जॉन दौऱ्यावर जाई. नाशिक, गोवा, गुजरात, इकडे आपल्या बाजूला पार जालन्यापर्यंत तो येऊन गेला. पुढे पश्चिम भारतातल्या लेण्यांवर त्याने अभ्यासपूर्वक लिहिलेही. तो बाहेर असला म्हणजे मागे शाळा, घर आणि पोरेबाळे पाहणारी कोण? मार्गारेटच. तान्ही मुले दगावली, तरी शाळा चालूच राहिल्या. १८३५ च्या एप्रिलमध्ये ती मुंबईतच वारली. चाळिशीही पुरी झाली नव्हती. मुलींच्या शाळा पुढे चालवायला स्कॉटलंडहून तिच्या दोघी बहिणी आल्या. एका बाईचे काम उचलायला दोघी लागल्या, हे मला हिशेबनीसाच्या नजरेने फार महत्त्वाचे वाटते. जॉनने १८३८ मध्ये तिचे चरित्र छापले.

ते धर्मप्रसारासाठी आले होते, ते झाकायचे कारण नाही. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबईत मोठा गदारोळ झाला, पालकांनी धडाधड मुले काढून नेली. तरीही याच स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या इंग्रजी शाळेत १८४१ ते १८४७ या काळात जोतीराव फुले शिकले. त्यांच्या सोबत सावित्रीबाई उभ्या राहिल्या आणि १८४८ मध्ये या दांपत्याने भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. परदेशी जोडप्यांकडून आपल्या माणसांनी काय घ्यायचे ते बरोबर घेतले.

हे सगळे मी काकांच्या घरी चहा पिताना सांगितले. काकूंना मार्गारेटच्या मुलांचे ऐकून वाईट वाटले. मग मी कामाचे बोललो. नवऱ्यासोबत कुटुंब म्हणून मिळालेल्या व्हिसावर अनेक देशांत नोकरी करता येत नाही. 'मदत' म्हणून वर्गावर उभे राहिले तरी ते कामच धरले जाते. तपासणी झाली तर हात वर करायला शाळा मोकळी, आणि परत पाठवणार ते आपल्या मुलीला. तिला शिकवायचे असेल तर तिच्या नावाची वेगळी ऑर्डर हवी, वेगळा कामाचा परवाना हवा आणि पगाराचा आकडा कागदावर हवा. राहायची खोली, येण्या-जाण्याचे भाडे, सुट्टीचा पगार हेही त्यातच लिहून घ्यावे. एजंट पैसे मागत असेल तर पावती मागावी. पावतीचे नाव काढले की पुष्कळ एजंटांना तातडीचे काम आठवते.

मुलगा म्हणाला, "काका, आधी मी जातो, मग हिचं बघू." मी म्हटले, बघ बाबा, पण हे तिला विचारलेस का? तेव्हा सुनबाई पहिल्यांदा आत आली आणि खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "मेल मीच लिहिते. इंग्रजी माझंही हाय."

लिहिला तिने. चार ओळींचा, सरळ. दोघांच्या पदव्या, दोघांचा अनुभव आणि दोघांसाठी दोन ऑर्डर. मला एक स्वल्पविरामसुद्धा बदलावा लागला नाही. आज बुधवार, उत्तर अजून आलेले नाही. पलंगाखालची बॅग काकूंनी पुन्हा माळ्यावर टाकली आहे. रोज संध्याकाळी ऑफिसातून येताना काका मला गल्लीच्या तोंडाशी गाठतात आणि विचारतात, "भाऊ, तिकडं सुट्टीचा वार कोणता?"

मालदीवमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, हे मी त्यांना दोनदा सांगितले आहे.