सत्तरीनंतरचे कार्ड मिळाले, पण उठून उभे कोण करणार?

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत घेतले. घरातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत. ज्यांनी अजून वय वंदना कार्ड काढले नसेल त्यांनी आधार कार्ड घेऊन जावे आणि काढावे, यात दुमत नाही.

पण हे कार्ड चालते ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. अब्बा न्हाणीघरात घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले, तर ऑपरेशन होईल. ते पडूच नयेत, पायात ताकद राहावी, यासाठी त्या कार्डात काही नाही. आणि म्हातारपणाचा खरा प्रश्न तिथेच आहे. 2017-18 च्या 'लासी' या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या साधारण चौघांपैकी एकाला अंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, अंथरुणातून उठणे यांपैकी एखादे तरी काम जड जात असल्याचे दिसले.

आपल्याला हे मस्जिदीत दिसते. मागच्या सफात खुर्च्या वाढत चालल्या आहेत. कोणी खुर्चीवर नमाज पढावी हा मसला उलेमांचा, त्यात आपण पडू नये. पण शरीराचा हिशेब बघा. दिवसाच्या फर्ज 17 रकअतींत 34 सजदे होतात आणि जमिनीवरून उठून उभे राहणे 17 वेळा. सुन्नत, नफिल वेगळेच. मांडी आणि कमरेच्या स्नायूंना रोज मिळणारे हे काम खुर्ची घेतली की एकदम बंद होते. गुडघा दुखला म्हणून दोन महिन्यांसाठी घेतलेली खुर्ची मग सुटत नाही, कारण तोवर उठण्याची ताकदच गेलेली असते. ज्यांना डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली आहे त्यांची गोष्ट निराळी. बाकीच्यांनी 'आता वय झाले' म्हणण्याआधी एकदा फिजिओथेरपिस्टला विचारावे. गुडघ्याच्या झिजेत मांडीचे व्यायाम हा उपचाराचाच भाग असतो.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. खिदमत म्हणजे काय, हे आपण चुकीचे धरून बसलो आहोत. "अम्मी, तुम्ही बसा, मी आणते." पाणी हातात, ताट हातात, चहा खाटेवर. सून मनापासून करते, लोकही तारीफ करतात, आणि अम्मीचे पाय वर्षभरात बारीक होतात. 2007 च्या एका अमेरिकन प्रयोगात धडधाकट वृद्धांना फक्त 10 दिवस अंथरुणावर ठेवले, तेवढ्यात त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो मांस-स्नायू घटले. आपल्याकडे तापातून उठलेल्या माणसाला महिनाभर पडून राहायला सांगतात! बायकांचे तर आणखी अवघड. पुरुष निदान पाच वेळा मस्जिदीपर्यंत चालतात. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणारी सत्तर वर्षांची बाई खाली उतरते ती शादी नाहीतर मय्यतीला.

या वयात व्यायाम करून काय होणार, असे विचारणाऱ्यांसाठी एक आकडा. अमेरिकेत 70 ते 89 वयाच्या 1,635 जणांवर सरासरी अडीच वर्षांहून जास्त काळ चाललेला अभ्यास 2014 मध्ये छापून आला. हे सगळे आधीच थोडे कमजोर होते. ज्यांना चालणे, ताकद आणि तोल यांचे व्यायाम दिले, त्यांच्यात 400 मीटर न चालता येण्याचे प्रमाण सुमारे 30 टक्के राहिले. ज्यांना फक्त आरोग्याची माहिती दिली, त्यांच्यात साडेपस्तीस टक्के. चमत्कार नाही, पण शंभरातली पाच माणसे पायांवर राहिली.

घरीच एक तपासणी होते. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधायला सांगा, पाच वेळा उठून बसायला लावा. शेजारी कोणीतरी उभे राहा. 15 सेकंदांहून जास्त लागले किंवा हात टेकावे लागले, तर डॉक्टरांना दाखवा.

सरकारकडे मागण्यासारखेही आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील, 2 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना काठी, वॉकर, चष्मा, कमोड खुर्ची यांसाठी एकदा 3 हजार रुपये मिळतात. पण काठी चालायला शिकवत नाही. त्यासाठी वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 2010 पासूनच जिल्हा रुग्णालयात वृद्धांचा वेगळा कक्ष आणि फिजिओथेरपी ठरवलेली आहे. ती तुमच्या सिव्हिल हॉस्पिटलात चालू आहे का, किती दिवस, हे नगरसेवकाला कोणी विचारतो का? गटार आणि कब्रस्तानच्या भिंतीसाठी आपण निवेदने देतो, यासाठी एकही नाही.

आणि जमातींनी एवढे करावे. वजूखान्यात आधाराचे दांडे लावावेत, फरशी घसरडी नसावी. मदरशाचा हॉल सकाळी रिकामा असतो. आठवड्यातून तीन दिवस तिथे वृद्धांचा व्यायाम घेता येईल, बायकांची वेळ वेगळी ठेवून. मोहल्ल्यात फिजिओथेरपी शिकलेल्या मुली आता आहेत, त्यांना बोलवायचे फक्त राहिले आहे.