म्हाताऱ्यांना दात हवेतच!

वाचकहो, दिवाळी हा चावण्याचा सण आहे. चकली, कडबोळी, शंकरपाळी यांपैकी एकही जिन्नस नुसता गिळता येत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत घरातले सर्वांत वडील माणूस चहात बुडवलेल्या पावावर राहते! कवळी आहे, पण ती डबीत. तोंडात घातली तर बोलताना सुटते, खाताना टोचते. “आता या वयात दात काय करायचेत?” असे म्हणून घरची मंडळी मोकळी होतात. माझे पहिले भांडण या वाक्याशी आहे. मी मास्तर. “नीट चावून खा” हे मी रोज पोरांना सांगतो. साठीनंतर हा धडा रद्द होतो, असे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे?

2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब वृद्धांसाठी काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या पंक्तीला कवळीही बसवली आहे. सरकारला कळले ते आपल्याला कळू नये? 1969 साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. तेव्हा पालघर-बोईसरकडे नोकरीला आलेली तरणी पोरे आज आजोबा झाली आहेत. ज्या मुलखात अणू फुटतो, तिथे आजोबांना कडबोळे फुटू नये?

कवळी सैल होते तो म्हाताऱ्याचा हट्ट नव्हे. दात गेले की जबड्याचे हाड झिजते आणि कवळी डळमळते. खालची तर अधिकच. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना 1952 साली सशांवरील प्रयोगात आढळले, की टायटॅनियम हाडाशी एकजीव होते. 1965 साली त्यांनी माणसाच्या जबड्यात असे खुंट बसवले. यालाच आज इम्प्लांट म्हणतात. प्रत्येक दातासाठी खुंट लागतो असेही नाही. खालच्या जबड्यात पुढे दोन खुंट रोवले, तरी कवळी टिचबटणासारखी त्यांवर अडकवता येते.

माझे दुसरे भांडण सरसकट सर्वांना “एका दिवसात पक्के दात” विकणाऱ्या पाट्यांशी आहे. हाडाला खुंट पक्का धरायला बहुधा काही महिने लागतात. नुसते वय आड येत नाही. आड येते ती न आवरलेली साखर, तंबाखू आणि मिश्री. हाडांच्या ठिसूळपणावरची औषधे आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधी सांगावे. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये. जो साखरेचा कागद न पाहता पैशांचा आकडा सांगतो, त्याच्या दवाखान्याची पायरी उतरावी, हे बरे!

खुंटांचा खर्च सर्वांना झेपत नाही, हे मला ठाऊक आहे. मग निदान सैल कवळीला आतून नवे अस्तर तरी लावून घ्या. तेवढ्यानेही पुष्कळ काम भागते.

या पाडव्याला वडिलांसाठी नवे धोतर आणण्याआधी त्यांची डबी उघडा आणि विचारा, “बाबा, ही कुठे टोचते?”