आधी मोजा, मग पार्ट बदला

यवतमाळ, वणी किंवा पुसदला गॅरेज टाकायचा विचार करताय? मग ही केस लक्षात ठेवा.

पेट्रोल गाडी थंड असताना मस्त चालते. इंजिन गरम झालं की मिसिंग, काळा धूर, पेट्रोलचा वास, ॲव्हरेज पडलेलं. मे महिन्यात मेकॅनिक म्हणतो, "उन्हानं होतंय." नाहीतर प्लग बदलतो, मग इंजेक्टर. बिल वाढतं, बिघाड तसाच!

आधी कूलंट टेम्परेचर सेन्सर तपासा. त्याचा रेझिस्टन्स बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन-तीन हजार ओहम असतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास यायला हवा. तो खाली आलाच नाही, तर ईसीयूला इंजिन थंडच वाटतं आणि ते जास्तीचं पेट्रोल सोडत राहतं. साध्या मल्टिमीटरनं हे कळतं. सेन्सर चांगला निघाला, तरच ऑक्सिजन सेन्सर, फ्युएल प्रेशर आणि गळका इंजेक्टर बघा.

माझं मत स्पष्ट आहे: तपासणीचे पैसे वेगळे घ्या, आणि आधी सांगून घ्या. "तपासणी फुकट" म्हटलं की पार्ट विकायचा मोह होतोच. फसलेलं गिऱ्हाईक भांडत नाही. ते परत येत नाही आणि चार गावांत सांगतं.

तुमच्या धंद्यात तुम्ही मोजता, की अंदाजानं बदलता?