पावतीपलीकडची जीवदया

मोकाट कुत्र्यांना ठार मारण्याच्या सरकारी मोहिमेमुळे जून 1832 मध्ये मुंबईत मोठा क्षोभ उसळला आणि बाजार बंद पडले. पुढाकार पारशी समाजाचा होता. जैन व हिंदू व्यापारीही त्यांच्यासोबत उभे राहिले. दंगल शमली, पण प्रश्न उरला. या जिवांना मारायचे नाही, तर सांभाळायचे कोणी? 1834 मध्ये जमशेटजी जिजीभॉय आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ संस्था उभी राहिली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर पट्टी बसवून घेतली. ज्यांनी विरोध केला, त्यांनीच भारही उचलला.

हा वारसा नाशिकलाही लाभला आहे. येथील पंचवटी पांजरपोळ संस्था 1878 पासून कार्यरत आहे. मे 2023 मध्ये दूरवरून चालून थकलेले उंट शहरात आले, तेव्हा त्यांना तिच्याच चुंचाळे येथील आवारात आसरा मिळाला. जीवदयेच्या खात्यात रक्कम लिहविताना जैन कुटुंबांचा हात आखडत नाही. परंतु कोणीतरी काठीने झोडपलेले किंवा उकळते पाणी टाकून भाजलेले कुत्रे दुकानाच्या पायरीशी येऊन पडते, तेव्हा पावतीने काम भागत नाही. तेथे माणूस लागतो, आणि तो अनेक आठवडे लागतो.

वेदनेने व्याकूळ झालेले कुत्रे मदतीच्या हातालाही चावू शकते. म्हणून घाईने त्याला उचलू नये. श्वास मोकळा राहील अशा बेताने तोंडाला कापडाची पट्टी सैलसर बांधावी, जाड चादरीवर सरकवून झोळीसारखे उचलावे आणि पशुवैद्यकाकडे न्यावे. जखमेत अळ्या दिसल्या तरी फिनेल वा टर्पेंटाईन ओतू नये. सतत लाळ गळणे, झोकांड्या जाणे, पाणी गिळता न येणे ही रेबीजची लक्षणे असू शकतात. अशा वेळी दूर राहून महापालिकेला कळवावे. दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घेणे अनिवार्य आहे.

हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. भीती जायला किती दिवस लागतील, हे कोणी सांगू शकत नाही. छळ सोसलेले कुत्रे उगारलेल्या हातालाच नव्हे, कुंच्यालाही घाबरते. रोज ठरावीक वेळी, त्याच व्यक्तीने अन्न ठेवावे, नजर न रोखता थोडे अंतर राखून बसावे आणि परतावे. पहिले काही दिवस ते माणूस गेल्यावरच खाते; एके दिवशी समोर खाते. सुधारणेची खरी नोंद तीच.

आहाराच्या बाबतीत जैन स्वयंपाकघराची एक सोय आहे. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतात. त्यामुळे तिखट-मीठ न घातलेला डाळ-भात वा पोळी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने देता येते. मात्र नाशिकची द्राक्षे आणि बेदाणे कौतुकानेही देऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे हे श्रावकाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील कलम 11 वाचताना हे पाचही समोर येतात. मात्र त्या कलमातील पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपयेच आहे. प्राण्याला ठार मारणे किंवा पंगू करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तक्रार करताना त्याचा उल्लेख करावा.

बरे झालेल्या कुत्र्याला घर मिळाले तर उत्तमच. न मिळाल्यास 2023 च्या नियमांनुसार निर्बीजीकरण व लसीकरणानंतर गल्लीतील कुत्र्याला सामान्यतः त्याच्या मूळ जागी सोडले जाते. म्हणजे जेथे त्याला मारले गेले, तेथेच ते परतते. त्यामुळे मलमपट्टीइतकेच महत्त्वाचे काम शेजाऱ्यांशी बोलण्याचे आहे. हे कुत्रे लस दिलेले आहे, त्याच्या आजारपणाची जबाबदारी अमुक दुकानाने घेतली आहे आणि त्याला कोणी मारलेले येथे खपवून घेतले जाणार नाही, एवढे स्पष्ट सांगावे. अनेक पिढ्यांच्या सचोटीमुळे ज्या पेढीच्या शब्दाला गल्लीत वजन असते, तिने तो शब्द अशा वेळी खर्च करावा.